घोडा, माशी आणि कलेक्टर कचेरी

एरंडोलात माणसाने एखादी वस्तू घ्यायची म्हटली, की वस्तूच्या आधी सल्ला घरपोच येतो. फ्रिज घ्यायचा म्हटला तर तोच फ्रिज घेऊन पस्तावलेले तिघं येतात. बोअर मारायचा म्हटला तर हातात नारळ घेऊन पाणाडी येतो आणि शेजाऱ्याच्या वावराकडे बघत बसतो. नानांनी रायफल घ्यायची काढली तेव्हा मात्र गल्लीची पंचाईत झाली, कारण रायफल कुणीच कधी हातात धरलेली नव्हती. ही पंचाईत दुपारच्या चहापर्यंत टिकली. चहानंतर सगळेच जाणकार झाले.

नाना म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, गळ्यात तुळशीची माळ असलेला, मुंगीलाही "बाजूला हो गं" म्हणणारा माणूस. त्यांच्या डोक्यात रायफल शिरली ती टेक्सासमार्गे. त्यांचा पुतण्या ह्यूस्टनला असतो, एच-वन व्हिसावर, कॉम्प्युटरमध्ये. एका रविवारी त्याने व्हिडिओ कॉलवर आपली पहिलीवहिली रायफल दाखवली. रुगर टेन-ट्वेंटीटू. चाप ओढला की एक गोळी सुटते, तिच्याच धक्क्याने रिकामं टरफल बाहेर पडतं आणि नवं काडतूस आपोआप आत बसतं. पुन्हा चाप ओढला की पुन्हा एक. वजन सव्वादोन-अडीच किलो, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, आणि हौशी माणसाला परवडेल अशी किंमत. मासे धरायच्या गळांच्या आणि तंबूंच्या शेजारच्या कपाटात ती मिळाली, असं तो म्हणाला. एक फॉर्म भरला, दुकानदाराने तिथल्या तिथे सरकारदरबारी नाव तपासून घेतलं आणि पोरगा खोकं घेऊन घरी आला.

त्याच्या वाटेत एक धोंड होती, ती मात्र मला फार आवडली. व्हिसावर राहणाऱ्या परक्या माणसाला तिकडे बंदूक घ्यायला कायद्याने बंदी आहे. पण त्याच्याजवळ शिकारीचा परवाना असला तर ती बंदी लागू होत नाही. म्हणजे साध्या माणसाच्या हाती बंदूक नको, शिकाऱ्याच्या हाती चालेल. त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरातला हा मुलगा टेक्सास सरकारचा शिकारीचा अभ्यासक्रम शिकला, परीक्षा पास झाला, रीतसर शिकारी झाला, आणि आता शनिवारी जाऊन कोकच्या रिकाम्या डब्यांना गोळ्या घालतो. नानांच्या मातोश्रींनी फोनवर एवढंच विचारलं, की डबे धुऊन घेतोस ना?

त्या कॉलवर आमच्या गल्लीने पुतण्याची जी उलटतपासणी घेतली, ती सेकंडहँड ट्रॅक्टरची घेतात तशी होती. ॲव्हरेज काय? पार्ट कुठे मिळतात? उद्या विकायची झाली तर किती जातील? पोरगा आधी हसला, मग गंभीर झाला, कारण तिकडच्या जाणत्या लोकांनीही त्याला हेच विचारलं होतं. पहिली रायफल घेताना नवखे लोक रायफलीची किंमत बघतात आणि काडतुसाची बघायची विसरतात. रायफल एकदाच घ्यायची असते, काडतुसं जन्मभर. पॉइंट टू-टूचं काडतूस सगळ्यांत स्वस्त. शिवाय त्याचा धक्का जवळजवळ नाहीच. मोठ्या बोअरची घेतली तर नवखा माणूस पहिल्याच बाराला खांदा धरून बसतो आणि पुढे प्रत्येक वेळी चाप ओढताना डोळे मिटून घेतो. मग नेम गेला तो गेलाच. टेन-ट्वेंटीटू १९६४ पासून बाजारात आहे, त्यामुळे तिचे सुटे भाग दुसऱ्या कंपन्याही करतात आणि जुनीलाही गिऱ्हाईक असतं. गल्लीने मान डोलावली. वस्तू चांगली होती.

फोन ठेवल्यावर नाना म्हणाले, "मलाही एक पाहिजे."

काकू आतून म्हणाल्या, "तुम्हले बंदूक कसाले जोयजे?"

या प्रश्नाचं उत्तर नानांजवळ तेव्हा नव्हतं आणि पुढे लक्षात आलं, की भारत सरकारचाही नेमका हाच प्रश्न आहे. फक्त सरकार तो छापील फॉर्मवर विचारतं.

चौकातल्या चहाच्या टपरीवर आमचे वकीलसाहेब बसतात. कोर्टात त्यांना बोलायला मिळतं त्याहून जास्त तिथे मिळतं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि नानांचं स्वप्न तीन वाक्यांत गार केलं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम. त्यांत आपोआप भरणाऱ्या रायफली निर्बंधित वर्गात टाकलेल्या आहेत, कलेक्टर त्यांचा परवाना देत नाही. फाइल जाते दिल्लीला, गृह मंत्रालयात.

"मग दिल्ली देते?" नानांनी विचारलं.

"देते की. तुम्हाला नाही."

नाना मास्तर असल्यामुळे पहिल्या उत्तराने खचत नाहीत. त्यांनी विचारलं, की मग आपोआप न भरणारी, हाताने खटका मागे-पुढे ओढायची? तिथे वकीलसाहेबांची कळी खुलली, कारण इतिहास आला. इंग्रजांच्या फौजेची रायफल होती थ्री-नॉट-थ्री. तिचं काडतूस प्रजेच्या हाती लागू नये, आणि प्रजेच्या बंदुकीत फौजेचं काडतूस बसू नये, म्हणून प्रजेसाठी वेगळं माप चाललं: पॉइंट थ्री-वन-फाइव्ह. साहेब गेला, थ्री-नॉट-थ्री म्हातारी झाली, तरी ईशापूरच्या सरकारी कारखान्यात पॉइंट थ्री-वन-फाइव्ह रायफल होतच राहिली, आणि फौजेची मापं सामान्य माणसाला मिळायची नाहीत हा नियमही राहिला. राज्यकर्ते बदलले, पण प्रजेवरचा संशय त्यांनी मागच्यांकडून चार्ज लिस्टसकट ताब्यात घेतला.

यात आमच्या जिल्ह्याची गंमत अशी, की काडतुसांचा कारखाना आमच्याकडेच आहे. भुसावळच्या पुढे वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, तीही १९६४ चीच. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत टेन-ट्वेंटीटू दुकानात आली, त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यात काडतुसांची फॅक्टरी आली. तिथे होणारी काडतुसं फौजेकडे जातात. आमच्याकडून जाणारी केळीही अशीच ट्रक भरभरून उत्तरेला जातात, पण निदान त्यातली चार डझन रावेर-सावद्याला उतरून पदरात पाडून घेता येतात. वरणगावला उतरून तसं काही करता येत नाही. नानांचा एक मावसभाऊ त्या फॅक्टरीत नोकरीला होता. त्याने अख्ख्या नोकरीत घरी काय आणलं, तर दिवाळीचा बोनस.

मग शेतीचा मुद्दा निघाला. तोवर टपरीवर आमच्या मळ्याशेजारचा एक शेतकरी येऊन बसला होता. तो म्हणाला, "भो, मन्हा मका बठ्ठा डुकरेस्नी खाई टाका." रानडुकरं आणि रोही यांनी तालुक्याला जेरीस आणलंय हे खरंच. कायद्यात शेतकऱ्याची आठवणही ठेवली आहे: पिकाची राखण हे बंदूक मागायला योग्य कारण आहे, असं स्पष्ट लिहिलंय. फक्त ती बंदूक म्हणजे सहसा ठासणीची. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, टोपी बसवायची, घोडा चढवायचा आणि मग बघायचं, की डुकरं अजून थांबली आहेत का. शिवाय ती थांबली असली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही. म्हणजे बंदुकीला एक खातं, डुकराला दुसरं. दोन्ही कागद एका वेळी हातात असलेला शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. डुकरं मात्र वेळेवर येतात. आमच्या भागातले बहुतेक लोक पाइपात कार्बाइड टाकून नुसता आवाज काढतात. डुक्करही आता त्या आवाजाला मानेनासं झालंय.

तरीही नानांनी फॉर्म आणवला. तो मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचला आहे आणि अजून आठवला की हसू येतं. हत्यार हाताळायचं प्रशिक्षण झाल्याचा दाखला हवा. घरात ते सुरक्षित, कुलपात ठेवीन असं लिहून द्यायला हवं. शरीराने आणि मनाने धड असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. इथवर ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "तठेच अटकशात तुम्ही."

पण खरी अडचण पुढे होती. बंदूक कशासाठी हवी? स्वसंरक्षण लिहायचं तर धोका दाखवायला हवा, आणि धोका दाखवायचा तर वैरी हवा. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला वैरी कुठून येणार? नाना दोन दिवस विचार करत होते. अखेर त्यांना धरणगाव रस्त्याच्या वावरातला चुलतभाऊ आठवला. बांध कोरतो. दर पावसाळ्यात अर्धा फूट आत येतो. नाना उत्साहाने त्याचं नाव घालणार, तेवढ्यात वकीलसाहेबांनी पेन धरलं. म्हणाले, "वैरी नाही म्हणालात तर साहेब म्हणतील, बंदुकीची गरज नाही. वैरी आहे म्हणालात तर पोलीस अहवाल देतील, की अर्जदाराचा भावकीत वाद आहे, याला बंदूक देणं धोक्याचं." नानांनी फॉर्मकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे वैरी पाहिजे, पण चांगल्या स्वभावाचा पाहिजे."

वकीलसाहेबांना आता रंग चढला होता. परवाना मिळालाच असं धरू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. "मला एकच पाहिजे." "मग एक वाचली." लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाना म्हणाले, मी वरातीत नाचतही नाही. आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येऊ शकतो. यावर सगळी टपरी हिशेबाला बसली. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, आणि मध्येच कुणी गचकला तर पोटनिवडणूक. हिशेब असा निघाला, की बंदूक घरी येईल ती दिवाळीला, माहेरवाशिणीसारखी, आणि भाऊबीज झाली की परत.

आता कुणी म्हणेल, आमचं गाव हत्यारांच्या बाबतीत नवखं आहे. तसं अजिबात नाही. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी. बकासुराचा वध आमच्याकडेच झाला, अशी आमची खात्री आहे. उत्तर प्रदेशात आणि बंगालातही एकेक गाव हाच दावा करतं, पण बकासुराला खायला रोज गाडाभर अन्न लागायचं, आणि एवढं जेवण घालणारा मुलूख खानदेशच असणार, हे भरीत-भाकरीची पंगत पाहिलेला कुणीही सांगेल. त्या वधासाठी भीमाने कसलंही हत्यार वापरलं नाही. आधी गाड्यातलं सगळं स्वतः जेवला आणि मग हातांनी काम उरकलं. नाना यावरून म्हणायचे की भीमालाही फॉर्म दिला असता तर तो कारणाच्या रकान्यापाशी अडला असता, कारण वैरी त्याचा नव्हताच, घरमालकाचा होता.

आणि इंग्रजी अमलात इथून जवळ, तेव्हा एरंडोल तालुक्यातच असलेल्या धरणगावात, चक्क सरकारच बंदुका वाटत होतं. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल कंपनी सरकारला पुरून उरले होते. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या विशीतल्या अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल पलटण उभी केली. कालपर्यंत ज्यांच्या मागावर फौज होती त्यांच्याच हातात सरकारी बंदूक आणि अंगावर डगला. ना प्रशिक्षणाचा दाखला, ना भावकीची चौकशी. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जायचा, त्यांच्या वस्तीत राहायचा. विश्वास टाकला आणि पलटण टिकली. पुढे १८७८ साली हत्यारांचा कायदा आला आणि सगळ्या देशाकडे बघायची सरकारची नजर पालटली. वाटायचं काम संपलं, मोजायचं सुरू झालं. मला विचाराल तर मोजणं बरंच. पुतण्याच्या देशात मोजणी सैल आहे आणि तिकडच्या शाळांमधून ज्या बातम्या येतात, त्या ऐकल्यावर मास्तर माणसाला आपला जाचक फॉर्म जवळचा वाटू लागतो. नानांनाही तो वाटला. ते तसं कबूल करणार नाहीत, पण पुतण्याने पुढच्या कॉलवर "काका, इकडेच या, लगेच मिळेल," म्हटलं तेव्हा त्यांनी विषय पावसावर नेला.

अडलेली गाडी सोडवली ती कायद्यातल्याच एका ओळीने. रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल, हे कायद्याला पसंत असलेलं कारण आहे. वैरी लागत नाही. समोर कागद असला की पुरे. वकीलसाहेबांनी हे वाचून दाखवलं तेव्हा नानांना एकदम स्वप्निल कुसाळे आठवला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या ज्या लोकांनी आयुष्यात रेल्वेच्या टीसीकडे प्रेमाने पाहिलं नव्हतं, त्यांनीही पेढे खाल्ले. त्याची ती रायफल आपोआप भरत नाही. प्रत्येक गोळी हाताने आत ठेवायची, खटका बंद करायचा, श्वास धरायचा, मग चाप. गुडघ्यावर, पालथं पडून, उभं राहून. दहा गोळ्या भराभर सोडायची त्या खेळात सोयच नाही. "बघा," नाना म्हणाले, "जगात तिसरा आलेला माणूस एकेक गोळी भरतो आणि आमच्या पोराला डब्याला मारायला दहाचं मॅगझिन लागतं."

पण ऑलिंपिकच्या दर्जाची रायफल लाखांच्या घरात जाते, अंगातलं कडक जाकीट वेगळं, आणि क्लब घराशेजारी नाही. मग अखेरीस वस्तू ठरली: छर्ऱ्याची एअर रायफल. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, म्हणजे साडेचार मिलिमीटरची, आणि जोर वीस ज्यूलच्या आत. एवढ्यावर थांबलात तर परवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं आणि घरी यायचं. यापेक्षा जाड छर्रा किंवा जास्त जोर मागितलात की पुन्हा फॉर्म, पुन्हा वैरी. दुकानदार नानांना जास्त जोराची दाखवत होता. नानांनी त्याला ज्यूल म्हणजे काय ते समजावून सांगितलं, सूत्रासकट. तो बिचारा दहावीला विज्ञानात गटांगळ्या खाल्लेला निघाला. किंमत थोडी कमी करून त्याने सुटका करून घेतली.

घेताना मात्र आम्ही पुतण्याचेच निकष लावले, आणि ते इथेही चालले. छर्ऱ्यांची डबी सहज मिळते ना? आतली स्प्रिंग आणि वॉशर बदलून मिळतो ना? वजन नानांच्या खांद्याला झेपेल ना? दुर्बीण पहिल्या दिवसापासून लावू नये, आधी उघड्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, नेम शिकावा, असा सल्ला दुकानातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने दिला. आमच्या सबंध खरेदीतला अनुभवातून आलेला तो एकमेव सल्ला, आणि तोही गल्लीबाहेरच्या माणसाचा.

सराव गच्चीवर नाही. छर्रा पत्र्यावर आदळला की उलटा येतो आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीचं छिद्र कुणाच्या नावावर जाईल हे सांगायला वकील लागत नाही. मळ्यातल्या गोठ्यामागे मातीचा उंच ढीग आहे, त्यासमोर पोतं टांगलं, आणि पोत्यावर कागद. कागदाचा प्रश्न खानदेशात पडायचं कारण नाही. दर लग्नसराईत नानांकडे पत्रिकांचा गठ्ठा साठतो, आणि हल्लीच्या पत्रिका इतक्या जाड असतात की छर्ऱ्याचं भोक सुबक पडतं. पण प्रत्येक पत्रिकेवर वर गणपती. पद्मालयचे दोन-दोन गणपती जवळ असताना त्यावर नेम धरायची कुणाची छाती नाही. म्हणून काकू दुपारी कात्री घेऊन बसतात; गणपती आणि कुलदैवत कापून देव्हाऱ्यात, आणि "आपले विनीत"पासून खालचा मजकूर नानांकडे. त्या मजकुरात भावकीतली नावं असतात. बांध कोरणाऱ्या चुलतभावाचं नाव कुठल्याशा पत्रिकेत प्रेषक म्हणून आलं, तेव्हा नानांचा नेम त्या संध्याकाळी एकदम सुधारला, असं मी म्हटलं तर ते रागावतील.

राहता राहिली एक गोष्ट. ही एअर रायफल मधे मोडून भरायची असते. नळी खाली ओढली की आत स्प्रिंग दाबली जाते, छर्रा ठेवायचा, नळी वर आणून बंद करायची. ती ओढायला चांगलाच जोर लागतो, आणि नानांचा उजवा खांदा पावसाळ्यापासून आखडलेला. त्यामुळे कामाची वाटणी झाली आहे. नाना खुर्चीवर बसतात, नेम धरतात, चाप ओढतात आणि नजर न हलवता रायफल उजवीकडे करतात. तिथे मी असतो. मी नळी मोडतो, छर्रा भरतो, बंद करतो, देतो. नाना पुन्हा चाप ओढतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर रायफल आपोआप भरली जाते, आणि दिल्लीच्या गृह मंत्रालयाला अजून याचा पत्ता नाही.

परवा वकीलसाहेब मळ्यात आले. थोडा वेळ कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. मग विचारलं, "नाना, मॅगझिन कितीचं आहे?"

नानांनी माशीवरून डोळा न काढता उत्तर दिलं, "सकाळी चाळीसचं असतं. संध्याकाळी चहा नाही पाजला तर पंधराचं."